आजगावकरांच्या खांद्याचं तेल

विद्याधर आजगावकर यांचा उजवा हात शर्टाच्या खालून दुसऱ्या बटणापर्यंत वर जात असे आणि तिथं थांबत असे. त्यापुढं जायला तो साफ नकार देई. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ही खाजगी गैरसोय ठरली असती. आजगावकरांच्या बाबतीत मात्र तो सार्वजनिक प्रश्न झाला. कारण ते ‘व्यसनमुक्त उपनगर मंडळा’चे अध्यक्ष होते, आणि मंडळाची शपथ उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ समोर धरूनच घ्यायची, असं मंडळाच्या घटनेत स्पष्ट लिहिलेलं होतं. घटना आजगावकरांनीच लिहिली होती. तेव्हा त्यांचा खांदा उत्तम होता.

आजगावकर एका सरकारी खात्यात अधीक्षक होते आणि मुलुंड पूर्वेला ‘चिरंजीव’ सहकारी गृहनिर्माण संस्थेत बायको नलिनी आणि मुलगी क्षमा यांच्यासह राहत होते. त्यांनी जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं. त्यामुळे व्यसन या विषयावर बोलायला त्यांच्याकडे वेळही होता आणि मतंही होती. दारू, मटका, मशेरी, विडी, सगळ्यांवर त्यांची स्वतंत्र भाषणं तयार असत. ही भाषणं ऐकून कुणी व्यसन सोडल्याची नोंद नव्हती. पण आपण सुरू करू नये याबद्दल स्वतः आजगावकरांची मात्र दर वेळी खात्री पटे.

खांदा धरल्यावर त्यांनी काही दिवस डाव्या हातावर निभावून नेलं. नाहूरच्या एका शाळेत त्यांनी डावा हात पुढं करून शपथ दिली. मुलांनीही डावे हात पुढं केले. नंतर चहा घेताना मुख्याध्यापकांनी विचारलं, “साहेब, ही शपथ लागू धरायची ना?”

“तपासून कळवतो,” आजगावकर म्हणाले. खात्यातली सवय.

स्टेशन रोडच्या डॉक्टरांनी ‘फ्रोझन शोल्डर’ असं निदान केलं. नाव इंग्रजी असल्यामुळे नलिनीबाईंना ते इमारतीत सांगताना जरा बरं वाटलं. मग शेकाचा दिवा झाला, विजेचे झटके झाले, गरम पाण्याची रबरी पिशवी झाली. संस्थेचे चेअरमन मधुकर गुप्ते रोज संध्याकाळी येऊन सल्ला देत. “अरे आजगावकर, भिंतीवर बोटं चालव. पालीसारखी. माझ्या साडूचा खांदा त्यानंच सुटला.” आजगावकरांनी दिवाणखान्याच्या भिंतीवर बोटं चालवली. भिंतीचा रंग गेला. खांदा आपल्या जागी राहिला.

अशा वेळी नलिनीबाईंची मालनमावशी कुडाळकडून आली. भाचीकडं थंडीचे चार दिवस काढावेत, दादर बघावं, एवढाच तिचा बेत होता. पण घरात शिरल्या शिरल्या जावयानं नमस्काराला हात जोडले ते पोटाशी, हे पाहून ती जागच्या जागी थांबली.

“जावयानू, हात वर करा बघूया.”

आजगावकरांनी दुसऱ्या बटणापर्यंत केला.

“इतकोच?”

“इतकाच.”

“शर्ट काढा,” मावशी म्हणाली आणि पिशवीतून हिरवट काळ्या तेलाची बाटली काढून कामाला लागली. तिचं रगडणं हा खरं म्हणजे एक स्वतंत्र उपचार होता. पहिल्या दिवशी आजगावकर इतके ओरडले की खालच्या मजल्यावरच्या मृणालिनीबाई धावत वर आल्या. पण मावशी हटली नाही. रोज सकाळी तासभर ती खांदा मळत राहिली. हळूहळू हात तिसऱ्या बटणावर गेला, कॉलरवर गेला, कानाला लागला, आणि महिनाभरात एका रविवारी आजगावकरांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून स्वतःच्या हातानं सूटकेस खाली काढली. ती त्यांना नको होती. परत वर ठेवता येते का हे बघायला त्यांनी ती परत वर ठेवली. आणि त्याच दिवशी भांडुप, घाटकोपर आणि विक्रोळीच्या शपथा नक्की करून टाकल्या.

घाटकोपरच्या शपथेहून परत आल्यावर, मन भरून आलेलं असताना, त्यांनी मावशीला विचारलं, “मावशी, एवढं काय असतं हो या तेलात?”

“काय नाय. तिळाचा तेल, निरगुडी, लसूण, नि पालो.”

“पाला कसला?”

“भांगेचो.”

आजगावकरांनी दचकून हात झटकला. तो इतका सहज झटकला गेला की ते मटकन खाली बसले.

आपण गेले काही रविवार भांगेत मळलेला हात पुढं करून लोकांना नशेविरुद्ध शपथा देतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी नलिनीबाईंकडं पाहिलं. त्यांना हे आधीपासून माहीत असावं, कारण त्या तांदूळ निवडायला लागल्या होत्या आणि ते तांदूळ निवडलेले होते. तेल बंद करावं असा विचार आजगावकरांच्या मनात प्रामाणिकपणे आला. तो आला तसा खांद्यातून एक बारीक कळही आली. मग त्यांनी तो विचार पुढील कार्यवाहीसाठी राखून ठेवला.

खात्यात इतकी वर्षं काढल्यावर त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. जी गोष्ट एका नावाखाली मंजूर होत नाही, ती दुसऱ्या नावाखाली होते. त्यांना फक्त नाव हवं होतं. ते त्यांना घरातच मिळालं. क्षमा फार्मसी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजच्या लायब्ररीत काही मिळतं का बघ, असं त्यांनी तिला सांगितलं, आणि आठवड्याभरानं तिनं जेवताना सांगायला सुरुवात केली.

“बाबा, त्या झाडात पुष्कळ द्रव्यं असतात. नशा आणणारं वेगळं. दुसरं एक आहे, कॅनाबिडिऑल म्हणून. त्यानं तशी नशा येत नाही. बाहेर त्यावर काम चाललंय. फिट येणाऱ्या काही पेशंट्सना देऊन बघितलं, झोप न येणाऱ्यांनाही. काहींना बरं वाटलं. पण पेशंट अगदी मोजके होते, त्यामुळे ठामपणे—”

“काय नाव म्हणालीस?”

“कॅनाबिडिऑल. पण ते शुद्ध करून, मोजून दिलेलं औषध. मावशीआजीच्या तेलात ते आहे का, किती आहे, कुणालाच माहीत नाही. आणि तुमचा खांदा तिच्या रगडण्यानंही सुटला असेल. फ्रोझन शोल्डर पुष्कळदा आपणहूनसुद्धा—”

“स्पेलिंग सांग,” आजगावकर म्हणाले.

त्या दिवसापासून भांग हा शब्द घरात बंद झाला. शिवाय नशेच्या पदार्थांवरचा सरकारचा नवा कायदा नुकताच आला होता आणि त्यात झाडाच्या पानाला गांजाच्या शेंड्यापासून वेगळं काढलं आहे, असं आजगावकरांनी पेपरात वाचलं होतं. शेंडा हा गुन्हा आणि पान हे पान, ही व्याख्या त्यांना अधीक्षक म्हणून फार आवडली. आपल्या तेलात फक्त पान आहे, आणि पानातही आपल्याला फक्त कॅनाबिडिऑल लागू पडतं, बाकीचं आपण घेत नाही, अशी त्यांनी मनाशी नोंद केली. बाकीचं खांद्याबाहेर कसं राहतं हा तपशील त्यांनी खांद्यावर सोपवला.

गुप्त्यांना राहवेना. “अरे, तुझा हात पंख्याला लागायला आला. मला पण सांग ना यार, काय लावतोस?”

“कॅनाबिडिऑल.”

गुप्त्यांनी आधी जिन्याकडं पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “इम्पोर्टेड?”

“संशोधन इम्पोर्टेड आहे.”

गुप्त्यांची मान त्याच दिवशी धरली. दुसऱ्या दिवशी मृणालिनीबाईंना आठवलं की आपल्याला दमा होता, लहानपणी का असेना. पंधरवड्यात ‘चिरंजीव’ संस्थेत धडधाकट माणूस उरला नाही. जिन्यात भेटलेली माणसं पूर्वी एकमेकांना “काय, जेवण झालं?” विचारत. आता “तुमचं काय दुखतं?” विचारू लागली, आणि ज्याचं काही दुखत नसे तो ओशाळा होऊन पायऱ्या उतरे. मालनमावशीसाठी आजगावकरांच्या दारात रोज सकाळी वाट्या घेऊन रांग लागू लागली. मावशी खूश होती. गावी तिला इतकं कुणी विचारत नव्हतं. “डोळ्यांक लावू नकात,” ती रांगेला सांगे, “बाकी खंय पण लावा.”

रांगेत भांडणं झाली तेव्हा संस्थेनं शिस्तीसाठी ‘कॅनाबिडिऑल उपसमिती’ नेमली. अध्यक्ष गुप्ते, चिटणीस आजगावकर. उपसमितीनं पात्र विकार ठरवायला घेतले. सांधे, झोप आणि डोकेदुखी पहिल्या बैठकीत मंजूर झाले. दुसऱ्या बैठकीत दहावीची परीक्षा मंजूर झाली, कारण गुप्त्यांची शुभा दहावीला होती. तिसऱ्या बैठकीत वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी पाण्याची टंचाई मांडली. पाणी चढत नाही, त्यामुळे मनाला ताण येतो, असा त्यांचा दावा होता आणि तो खोटा नव्हता. तो विकारही मान्य झाला. पंप दुरुस्त करावा, ही सूचना त्याच बैठकीत खर्चिक म्हणून फेटाळली गेली.

क्षमानं मावशीच्या प्रत्येक बाटलीवर लाल शाईत ‘फक्त बाह्य उपचारासाठी’ अशी चिठ्ठी चिकटवली. सभासद सुशिक्षित होते. बाहेरून जे इतकं गुणकारी आहे ते आतून किती गुणकारी असेल, हा विचार त्यांना आपापला सुचला. रात्रीच्या दुधात एक एक चमचा पडू लागला.

मावशीनं गावाहून आणलेला पाला अर्थातच संपला. जिन्याखाली चंद्रप्रकाशचं इस्त्रीचं टेबल होतं. तो जौनपूरकडचा, कितीतरी वर्षं तिथंच उभा राहून साऱ्या इमारतीचे कपडे करणारा. मावशीला हिंदी येत नव्हतं, चंद्रप्रकाशला मालवणी येत नव्हती. पाल्याच्या विषयावर दोघांचं एकमत व्हायला तेवढं पुरलं. मग आजगावकरांच्या इस्त्रीच्या गठ्ठ्यात, शर्टांच्या खाली, कागदाची एक चपटी पुडी येऊ लागली. आजगावकरांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले.

“कपडे आले वाटतं,” ते शेवटी म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

असंच चाललं असतं. पण एका संध्याकाळी उपसमितीची बैठक चालू असताना गुणाजी दारात येऊन उभा राहिला. गुणाजी संस्थेचा वॉचमन आणि पंपवालाही. पूर्वी लालबागच्या गिरणीत होता. संपानंतर गिरणी गेली आणि तो पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत बायको आणि मुलीला घेऊन राहायला आला. मुलीचं नाव प्रेमा. तिला फिट येत. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नसे.

“साहेब, ऐकलंय की फिटवर पण चालतं ता,” गुणाजी म्हणाला. “बाहेरच्या देशात दिल्यानी म्हणतत.” त्यानं हॉस्पिटलचे कागद प्लास्टिकच्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवले.

उपसमितीपुढं आजवर आलेला तो पहिला खरा रोगी होता. सभासदांनी एकमेकांकडं पाहिलं. गुप्त्यांनी घसा साफ केला.

“गुणाजी, कसं आहे, हा गंभीर आजार आहे. आपण इथं गंभीर आजाराला देत नाही.”

“मग कोणाक देतास?”

“ज्यांना तसं काही विशेष झालेलं नाही त्यांना,” गुप्ते म्हणाले. वाक्य संपल्यावर तेही जरा थबकले. “म्हणजे, उद्या काही कमी-जास्त झालं तर जबाबदारी संस्थेवर येते ना.”

गुणाजीनं आजगावकरांकडं पाहिलं. दोघांची गावं एका खाडीच्या दोन काठांवर होती. होळीला गुणाजी त्यांच्या घरी हक्कानं पोळी खायला येई. आजगावकरांनी समोरच्या कागदावर ‘अर्ज निकाली’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. रेघ सुंदर आली. खांदा आता अजिबात दुखत नव्हता.

क्षमा आतून ऐकत होती. ती गुणाजीच्या मागोमाग जिना उतरली. “गुणाजीकाका, त्या तेलाचा नाद सोडा. नाही दिलं ते बरंच झालं. मी वाचलं ते शुद्ध औषध होतं, आणि तेही रोजच्या गोळ्या चालू ठेवून दिलेलं. प्रेमाच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. उद्या मी येते तुमच्याबरोबर हॉस्पिटलात, डोस बघून घेऊ.” आणि ती खरोखरच गेली. डॉक्टरांनी गोळी बदलली. उपसमितीनं बरोबर निर्णय चुकीच्या कारणासाठी घेतला होता. त्यावर आपण समाधान मानावं की नाही, हे आजगावकरांना पुढं बरेच दिवस ठरवता आलं नाही.

होळीनंतर संस्थेची विशेष सर्वसाधारण सभा गच्चीवर भरली. ‘चिरंजीव’च्या सभेत खुर्च्या उचलल्या जाण्याची परंपरा होती. त्या दिवशी मात्र विलक्षण शांतता होती. बहुतेक सभासद घरून एकेक चमचा घेऊन आले होते. मागील सभेचं इतिवृत्त एकमतानं मंजूर झालं. हिशेब एकमतानं मंजूर झाले. गुप्त्यांनी ‘सिंकिंग फंड’ हा शब्द उच्चारला आणि त्यांना हसू आलं. त्यांनी पुन्हा उच्चारला. मग मृणालिनीबाई हसल्या, मग पहिली रांग, मग सगळी गच्ची डोळे पुसत हसत राहिली. एका सभासदानं वरच्या मजल्यावरच्या सभासदाची गॅलरीतल्या गळतीबद्दल माफी मागितली. गळती माफी मागणाऱ्याच्याच घरात होत होती.

शेवटचा विषय चंद्रप्रकाशचा होता. होळीच्या दिवशी तो आपल्या गाववाल्यांबरोबर भांग पिऊन दुपारभर कंपाउंडच्या भिंतीवर बसून गात होता.

“भांग!” मृणालिनीबाई म्हणाल्या. “उघड उघड! अहो, आपल्या मुलांनी काय बघायचं?” त्यांचे डोळे किंचित लाल होते. दम्यामुळे असावेत.

“व्यसनी माणूस आवारात नको,” गुप्ते म्हणाले. जिन्याखालची जागा त्यांच्या नव्या स्कूटरच्या बरोबर मापाची होती, पण हे त्यांनी सभेत आणलं नाही. “आणि आपल्यात व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष राहतात. त्यांची काय शोभा? ठराव मांडतो. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत.”

चंद्रप्रकाशला विचारायला म्हणून गच्चीवर बोलावलं होतं. विचारायचं राहून गेलं होतं. तो दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता.

आजगावकरांना वाटलं, उठून बोलावं. काय बोलायचं तेही त्यांच्यापाशी तयार होतं. दोन वाक्यं पुरली असती. पण ती बोलली तर पुडी आली, पुडीमागून पाला आला, पाल्यामागून मंडळ आलं. सगळी माणसं मान वळवून त्यांच्याकडंच बघत होती. आणि त्यांचा उजवा हात उठला. दुसरं बटण गेलं, कॉलर गेली, कान गेला, आणि तो सगळ्या हातांच्या वर ताठ जाऊन उभा राहिला.

चंद्रप्रकाशचा चेहरा एकदम उजळला.

“अरे वाह, साहब!” तो मनापासून म्हणाला, “हाथ तो एकदम ठीक हो गया!”

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली स्कूटर उभी होती.

आजगावकरांना जेवण जाईना. चंद्रप्रकाशला शोधून काढावं, निदान कुठं टेबल लावलं ते बघावं, असं त्यांनी ठरवलं. कुणी म्हणालं तो गोरेगावला गेला, दिंडोशीच्या नव्या वसाहतीकडं. रविवारी जायचं नक्की झालं. पण रविवारी कांजूरमार्गची शपथ होती. पुढच्या रविवारी मुलुंडचीच होती. हात बरा झाल्यापासून त्यांना एकही रविवार मोकळा मिळत नव्हता.

मग मंडळाचा वार्षिक मेळावा आला. मुलुंडचा एक मोठा हॉल, पोलीस खात्यातले एक इन्स्पेक्टर प्रमुख पाहुणे, पहिल्या चार रांगा ‘चिरंजीव’ संस्थेच्या. आजगावकरांनी शपथ दिली. हात ताठ, आवाज खणखणीत, साऱ्या हॉलभर हात पुढं. मग सूत्रसंचालन करणाऱ्या गुप्त्यांना उत्साह आवरेना. “हा हात, मंडळी, काही महिन्यांपूर्वी उचलत नव्हता! तो आपल्या प्राचीन विद्येनं बरा झाला! त्या मालनमावशी आज आपल्यात आहेत. त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू या.” हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. आजगावकर खुर्चीतून अर्धे उठले, पण मावशी तोवर मंचावर पोचली होती, आणि कुणीतरी सौजन्यानं तिच्यापुढं माईक धरला होता.

“माका भाषण येणा नाय,” मावशी म्हणाली. “ह्या तेल मी करतंय. तेत भांगेचो पालो आसा. ह्ये म्हणतत काय ता बिडीऑल, ता माका ठावक नाय. पालो तो इस्त्रीवालो हाडून देय. तेका तुमी हाकललास. आता पालो संपलो. तेल पण संपला. तेवा उद्यापासून वाटये घेवन दारात येव नकात.” आणि शाल सावरत ती खाली उतरली.

संपलं, आजगावकरांना वाटलं. मंडळ संपलं, अध्यक्षपद संपलं, उद्याच्या पेपरात नाव, परवा खात्याकडून मेमो. इन्स्पेक्टरसाहेब टोपी घालून उठतील. आणि गंमत म्हणजे, त्यांना एकाएकी फार हलकं वाटलं. ते उठले, माईकपाशी गेले.

“त्यांनी सांगितलं ते खरं आहे,” ते म्हणाले. “त्या माणसाचं नाव चंद्रप्रकाश. त्याला काढताना माझा हात वर होता. मला पुडी माहीत होती.” ते तसेच उभे राहिले आणि चप्पल येण्याची वाट बघू लागले. डावीकडून येईल की उजवीकडून, एवढाच प्रश्न होता. आली असती तर त्यांनी ती झेललीही नसती.

चप्पल आली नाही. लोक खाली माना घालून काहीतरी लिहीत होते. मेळाव्यात शेवटी शंकासमाधानासाठी चिठ्ठ्या घेण्याची पद्धत होती. दर वर्षी दोन यायच्या, एक माईकबद्दल आणि एक चहाबद्दल. या वर्षी क्षमाला चिठ्ठ्या ओढणीत घ्याव्या लागल्या. तिनं त्या बापापुढं टेबलावर ओतल्या.

आजगावकरांनी पहिली उघडली. ‘तेल अन्यत्र कोठे मिळेल?’ दुसरी उघडली. ‘गुडघ्यास चालेल काय?’ तिसरीत विचारलं होतं, पोटात घेतल्यास प्रमाण काय, आणि उपाशीपोटी की जेवणानंतर. एक छान चौकोनी घडी घातलेली होती, ‘मणका, ड्युटीमुळे. नाव जाहीर करू नये.’ त्यांनी शेजारी बसलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांकडं पाहिलं. साहेब छताकडं बघत पाठ चोळत होते.

मग एक चिठ्ठी आली, ‘त्या इस्त्रीवाल्याचा ठावठिकाणा कळेल काय?’ आजगावकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या हॉलमध्ये एक माणूस तरी निघाला. अक्षर गुप्त्यांच्या शुभाचं होतं, पोरीचं. त्यांनी चिठ्ठी उलटली. मागं लिहिलं होतं, ‘बाबा विचारतात, पाला थेट त्याच्याकडूनच घेता येईल का?’

“बाकीच्या?” त्यांनी क्षमाला हळूच विचारलं.

“सगळ्या वाचल्या मी, बाबा,” ती म्हणाली. “तेलच आहे.”

मागं दाराशी गुणाजी उभा होता, प्रेमाचा हात धरून. नव्या गोळीनंतर तिला एकदाही फिट आली नव्हती. ती कशी आहे, असं त्या हॉलमधल्या कुणीही त्याला विचारलं नाही. तेलामुळे बरी झालेली नसल्यानं तिच्याबद्दल कुणाला कुतूहल असण्याचं कारण नव्हतं. आजगावकर मंचावरून उतरून तिच्याकडं निघाले, पण वाटेत त्यांना लोकांनी गराडा घातला. प्रत्येक जण त्यांचा उजवा हात हातात घेऊन, वर करून, खाली करून बघत होता. गर्दी ओसरेपर्यंत बाप-लेक निघून गेले होते.

मंडळ बरखास्त झालं नाही. सभासद तिप्पट झाले. चिठ्ठ्या अजूनही येतात आणि त्या घेणं मंडळाला बंधनकारक आहे. तेव्हा वाचकांपैकी ज्यांना चंद्रप्रकाशचं पुढं काय झालं हे विचारायचं असेल त्यांनी अवश्य विचारावं, त्या विषयावरची चिठ्ठी अद्याप आलेली नाही. मान, कंबर, गुडघे आणि झोप यांबद्दलची चौकशी मात्र मंडळानं बंद केली आहे. आपण मघापासून जो खांदा हळूच चाचपून बघत आहात, त्याचीही.